चिमणीचा पाय

पेंटरने एकदा चौकातल्या भिंतीवर पोस्टाची लाल पेटी रंगवली आणि एका माणसाने तिच्यात पत्र टाकायला जाऊन बोट मुरगळून घेतलं, ही गोष्ट खुद्द पेंटरच सांगायचा. आधी एक बोट होतं. मग दोन झाली. पेंटरची साठी उलटेपर्यंत त्या बिचाऱ्याचा अख्खा हात प्लास्टरमध्ये गेला होता, आणि पत्र मात्र, कसं कोण जाणे, पोचलं होतं. ऐकणाऱ्याने भुवई वर केली की पेंटर म्हणे, "मी सांगतो त्यातलं निम्मं खरं धरा. कुठलं निम्मं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

हात मात्र पुरा खरा होता. चपलांच्या दुकानापासून शाळेच्या फाटकापर्यंत गावातली प्रत्येक पाटी त्याने रंगवलेली. आणि प्रत्येक पाटीत कुठेतरी, एखाद्या अक्षराच्या वळणात, वेलांटीच्या पोटात, त्याची खूण दडलेली असे: चिमणीचा पाय. तीन रेघा पुढे, एक मागे, ब्रशच्या एका केसाने काढल्यासारख्या. मालकाला ती जन्मात दिसत नसे. ती शोधायचा हक्क एकट्या लेकीचा. लहानपणी ती शिडीखाली उभी राहायची, मान मोडेस्तोवर वर बघायची. पेंटर वरून विचारायचा, "सापडला का?" बराच वेळ काही नाही. मग खालून आवाज यायचा, "सापडला." त्या एका शब्दासाठी पेंटर पाय दर वेळी आणखी अवघड जागी दडवायचा. आणि पोरगी दर वेळी शोधायची.

पेंटर निर्मळ मंडळीतला. या मंडळींचं म्हणणं साधं होतं. रक्त आईकडून येतं, आणि शेवटच्या दिवशी देव माणसाला त्याच्या रक्तावरून हाक मारणार. अंगात परक्याचं रक्त घेतलेल्या माणसाला दोन हाका ऐकू येतील, तो एकीकडेही जाणार नाही आणि मध्येच ताटकळत राहील. त्यातून सरकारी दवाखाना म्हणजे तर आणखी घोटाळा. तो सगळ्यांच्या करावर चालायचा. त्यात दारूवाल्याचा कर आला, जुगाऱ्याचा दंड आला. तिथली पट्टीसुद्धा बाटलेली, मग बाटलीतल्या रक्ताची काय कथा. आमचा कर त्या बाटल्यांत घालू नका, म्हणून मंडळींनी अकरा वर्षं अर्ज केले. अकरा वर्षांनी उत्तर आलं: कर भरावाच लागेल, पण ज्या सज्ञान माणसाने स्वतःच्या हाताने नकारावर सही केली असेल, त्याला रक्त दिलं जाणार नाही. म्हैस मागितली आणि दावं मिळालं. पण दावं सरकारी शिक्क्याचं होतं, म्हणून मंडळींनी आनंद मानला.

मग कार्डं आली. तळहाताएवढी, काळ्या किनारीची. मजकूर लिहायचा पेंटरने: 'मी शुद्धीत आणि राजीखुशीने सांगतो की...' खाली ज्याची त्याने सही करायची, आणि सही झाली की पेंटरने सभागृहाच्या भिंतीवरच्या यादीत त्याचं नाव चढवायचं.

गडबड तिथेच झाली. आधी एका म्हातारीला लिहिता येत नव्हतं, पेंटरने तिची सही केली. मग एकाचा हात कापत होता. मग एकजण म्हणाला, माझं अक्षर घाण आहे, एवढ्या छान कार्डावर नको, तूच कर. पेंटरला यात गोडी लागली. तो त्या माणसाकडे घटकाभर बघायचा आणि त्याला शोभेल अशी सही बेतायचा. तोतऱ्या टपालवाल्याला त्याने न थांबता वाहणारी सही दिली. ठेंगण्या शिंप्याला दिली ताडासारखी. माणसं कार्ड घरी नेऊन ती सही गिरवायची आणि पुढे बँकेतही तीच ठोकायची. गावात कितीतरी लोकांनी आपली सही पेंटरकडून शिकली, आणि हे मात्र पुरं खरं होतं. अशा प्रत्येक सहीच्या वळणात चिमणीचा पाय असायचा. कारागिराची खोड. हात चालला की खूण उमटलीच.

एक जागा मात्र यादीत रिकामी होती. पेंटरच्या बायकोची.

ती भांडखोर नव्हती. कार्ड पुढे केलं की म्हणायची, "ठेवा तिथे. बघू मग." कार्ड फडताळावर वर्षभर पडून राहिलं, त्याच्यावर तिने डाळीचा डबा ठेवला. मंडळींचे थोरले, ज्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, एकदा सभेनंतर हळू आवाजात म्हणाले, "पेंटर, सगळ्यांची नावं तू लिहितोस. तुझ्याच घरची ओळ कोरी. बरं दिसत नाही." थोरले कधी आवाज चढवत नसत. त्यांना गरजच पडत नसे.

त्या संध्याकाळी पेंटरने डबा उचलला, कार्ड घेतलं आणि सही केली. फार देखणी झाली. बायकोला कधी सांगितलं नाही. तिने कार्ड कुठे गेलं ते विचारलं नाही.

दोन वर्षांनी तिच्या पोटात अल्सर फुटला आणि रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यात ती वारली. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. पेंटर सगळ्या गोष्टी वाढवून सांगायचा, ही एक तेवढी त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती. कमी करूनसुद्धा नाही.

त्या दिवशी भर दुपारी तो औषधाच्या दुकानापुढे शिडीवर होता. जावई सायकल टाकून धावत आला. जावई लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, बोलणं मोजकं.

"बाबा, खाली या."

"एवढा काना ओढतो आणि आलोच."

"नका ओढू. ती दवाखान्यात आहे. परवा धोब्याकडच्या जिन्यावरून घसरली होती ना, आतून लागलं होतं. सकाळी स्वतःच्या पायांनी गेली, फॉर्म भरला, आणि मग बाकावर बसल्या बसल्या पडली."

पेंटर खाली आला. काना अर्धाच राहिला. पुढे महिनाभर त्या दुकानावर तशीच पाटी होती.

दवाखान्याच्या आवारात शिरताना रक्तपेढीच्या दारावरची पाटी लागते. ती पेंटरनेच रंगवलेली. 'पाटी रंगवायला हरकत नाही, आत जायचं नाही,' असा तेव्हा थोरल्यांनी निवाडा दिला होता. आत, हिरव्या पडद्याबाहेर, पाय तुटलेल्या आणि खाली पुठ्ठ्याची घडी घातलेल्या बाकावर थोरले आधीच येऊन बसले होते. वाईट बातमी त्यांना माणसाच्या आधी कळायची.

डॉक्टरबाई पडदा सारून बाहेर आल्या. वयाने लेकीएवढ्याच असतील. हातात एक फॉर्म आणि एक कार्ड.

"तुम्ही वडील? नीट ऐका, वेळ नाहीये. प्लीहा फाटलीय, पोटात रक्त साचलंय. ऑपरेशन करू शकते, पण अंगात रक्तच उरलं नाही तर टेबलावरच जाईल. फॉर्मवर रक्ताच्या संमतीचा रकाना तिने कोरा सोडलाय, आणि पर्समध्ये हे मिळालं." त्यांनी कार्ड पुढे धरलं. "सही तिची आहे का?"

कार्ड मधोमध दुमडलेलं होतं. मंडळींत कुणी कार्ड दुमडत नाही. पेंटर त्या घडीकडे बघत राहिला.

नऊ वर्षांपूर्वी, ती अठराची झाली त्या दिवशी, त्याने कार्ड तिच्यापुढे ठेवलं होतं. ती कपडे धूत होती. म्हणाली, "माझे हात ओले आहेत बाबा. तुम्हीच करा ना, तुम्हीच तर सगळ्यांच्या करता." त्याने केली. हसत केली. वळणदार, शेवटी वर उडणारी. तिनेही ती गिरवली आणि आपली मानली.

"तिचीच आहे," थोरले बाकावरून म्हणाले. "अठराव्या वर्षी केली. यादीत नाव आहे. मीच साक्षीला."

"मी वडलांना विचारतेय."

पेंटरच्या लक्षात आलं की हा प्रश्न त्याने आधी ऐकलाय. याच बोळात, याच फिनेलच्या वासात. सिस्टरही तीच होती, तेव्हा वेणीतली, आता पांढऱ्या अंबाड्यातली. ती पडद्याजवळ सलाइनची बाटली धरून उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती. या सहीला नाही म्हटलं, तर त्या सहीला काय म्हणायचं?

"माझी आहे," पेंटर म्हणाला.

"काय?"

"सही. मी केली. तिचे हात ओले होते."

जावयाने मान वर केली. थोरले मंद हसले, आजाऱ्याकडे बघून हसतात तसे. "बाई, याचं मनावर घेऊ नका. बाप आहे. आणि सबंध गावाला ठाऊक आहे, हा माणूस भिंतीवरच्या पेटीत पत्रं टाकवतो."

डॉक्टरबाईंनी सकाळचा फॉर्म कार्डाला लावून धरला. "सही तर तंतोतंत तीच आहे. फॉर्मवरची तिने माझ्यासमोर केली."

"ती माझ्याकडून शिकलीय. सगळा गाव शिकलाय. द्या पेन." त्याने फॉर्मच्या मागे सही काढली. तीच. वळण तेच, शेवट तसाच उडता.

"यावरून तुम्हाला आज येते एवढंच कळतं, काका. तेव्हा तुम्ही केली हे कुठे कळतं? स्वतः केलेला नकार मी मोडला तर तो गुन्हा आहे, आणि उद्या हीच मुलगी मला विचारेल. मला काहीतरी धरायला द्या. लवकर."

"खूण आहे. पहिल्या अक्षराच्या पोटात. चिमणीचा पाय. मी करतो तिथेच असतो."

थोरल्यांच्या खिशात चष्मेवाल्याचं भिंग कायम असे. पेंटरने हात पुढे केला. थोरल्यांनी भिंग दिलं. न देण्यासारखं कारण त्यांना इतक्या घाईत सुचलं नसावं. डॉक्टरबाईंनी डोळा लावला.

"आहे. चार रेघा. पण सगळी कार्डंच तुम्ही लिहिता ना? मग सगळ्यांवरच असेल."

"माझ्यावर बघा," जावई म्हणाला आणि पाकिटातून आपलं कार्ड काढलं. "मी स्वतः केली होती. गिचमिड आहे, पण माझी आहे."

त्यावर पाय नव्हता. डॉक्टरबाई थोरल्यांकडे वळल्या. "तुमचं?"

थोरल्यांचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. त्यांचा हात बारा वर्षांपासून कापतो आणि कार्ड दहा वर्षांपूर्वी नवं केलं, हे तिथे दोघांनाच माहीत होतं. "माझं कार्ड ही दाखवायची वस्तू नाही," ते म्हणाले.

पडद्याआडून यंत्राचा टिकटिक आवाज येत होता, मघापेक्षा घाईचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन कार्डांवर मी कोर्टात उभी राहू शकत नाही. एक अशी सही दाखवा जी त्या माणसाची नाही हे कागदावर सिद्ध आहे."

पेंटर सिस्टरकडे वळला.

"सिस्टर," तो म्हणाला, "अठरा वर्षांपूर्वीची एक फाइल असेल."

"आहे," सिस्टर म्हणाली. कुणाची, हे तिने विचारलं नाही. सलाइनची बाटली जावयाच्या हातात देऊन ती जवळजवळ पळत गेली.

"पेंटर," थोरले हळूच म्हणाले, "ती गेली ती स्वच्छ गेली. तिला तिची हाक ऐकू येणार आहे. कशाला तिला मध्ये आणतोस? पोरगी वाचली तरी तुला माफ करेल असं वाटतं का?"

"नाही वाटत," पेंटर म्हणाला.

फाइल आली. कडा कुरतडलेल्या, दोरी सैल. सिस्टरने ती खिडकीच्या कठड्यावर उघडली. डावीकडे दाखल होतानाचा फॉर्म होता. तो पेंटरच्या बायकोने शुद्धीत असताना, खाटेवर पडल्या पडल्या भरलेला. खाली तिची सही: चार वेडीवाकडी अक्षरं, एकमेकांना धरून चाललेल्या म्हाताऱ्यांसारखी. उजवीकडे कार्ड होतं, आणि त्यावरची सही अशी की दुकानावर लावावी.

फॉर्मवर एक रकाना होता: 'गरज पडल्यास रक्त देण्यास संमती.' पुढे तिने लिहिलं होतं, 'द्या.'

डॉक्टरबाईंनी तो शब्द दोनदा वाचला. "हे काय आहे?"

"तेव्हाही विचारलं होतं," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज सपाट होता. "ती बेशुद्ध झाली आणि काका हे कार्ड घेऊन आले. बरोबर हे थोरले होते. फॉर्मवर हो होतं, कार्डावर नाही. मीच दोन्ही काकांपुढे धरली. म्हटलं, काका, दोन सह्या दोन तऱ्हेच्या आहेत, खरी कुठली?"



"मी कार्डाकडे बोट केलं," पेंटर म्हणाला. "म्हटलं, फॉर्मवर तिचा हात थरथरत होता." फॉर्मवर बोट ठेवून तो म्हणाला, "तिचा हात तसाच होता. कायम तसाच. पाय आहे बघा कार्डावरच्या सहीत. ऊकाराच्या आत."

डॉक्टरबाईंनी भिंग लावून पाहिलं नाही. तिथे भिंगाची गरजच नव्हती, खिडकीच्या उजेडात चारही रेघा नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या. त्यांनी फाइल मिटली, लेकीचं कार्ड आपल्या खिशात टाकलं आणि पडद्याआड जाता जाता म्हणाल्या, "कार्ड रद्द. निर्णय माझा. रक्तपेढीला कळवा, चार बाटल्या."

जावई बाटली हातात धरून खाली फरशीवरच बसला, जणू कुणी त्याच्या पाठीवरून लिफ्ट उतरवली होती. थोरल्यांनी भिंग रुमालाने पुसलं, खिशात घातलं आणि पेंटरकडे न बघता निघून गेले. जाताना रक्तपेढीच्या पाटीखालून गेले. त्यांना बहुधा पहिल्यांदाच ती पाटी दिसली असावी.

लेक वाचली.

पुढच्या तीन दिवसांत मंडळींत काय उलथापालथ झाली, ती पेंटरने सांगितली असती तर कुणी खरी मानली नसती. माणसं आपापली कार्डं घेऊन थोरल्यांच्या दुकानासमोर रांगेत उभी राहिली, भिंगाखाली धरून बघायला. बरेचजण पाय सापडला की चिडायचे. पण काहीजणांना तो सापडला नाही की त्यांचा चेहरा पडायचा, आणि ते म्हणायचे, "नीट बघा ना, असेल कुठेतरी बारीक." शिंपी रात्रीचा नाही, भर दिवसा पेंटरच्या दारात आला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "माझ्यावर आहे ना रे? बायपास करायचंय मला." पेंटर म्हणाला, "आहे." शिंपी आशीर्वाद दिल्यासारखं त्याच्या खांद्यावर थोपटून गेला. टपालवाल्याची म्हातारी आई मात्र दारात येऊन थुंकली. तिचा धाकटा मुलगा कार्डापायी रक्तावाचून गेला होता, आणि त्या कार्डावर पाय होता की नव्हता हे तिला आता कुठूनही कळणार नव्हतं, कारण तिने ते त्याच्याबरोबर पुरलं होतं. तिने पेंटरला विचारलं. पेंटरला आठवेना. गोष्टी रचायची आयुष्यभराची सवय, पण त्या म्हातारीसाठी त्याला एकही गोष्ट सुचली नाही.

सभागृहातल्या यादीतून त्याचं, बायकोचं आणि लेकीचं नाव थोरल्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं. रंग ओघळला, खालची चार नावंही गेली. नीट करायला गावात दुसरा पेंटर नव्हता.

चौथ्या दिवशी तो द्राक्षांची पिशवी घेऊन दवाखान्यात गेला. जावई वॉर्डच्या दारात भेटला.

"मी सगळं सांगितलंय तिला," तो म्हणाला. "लपवून ठेवणं मला जमत नाही, बाबा."

"बरं केलंस. रागावली का रक्तावरून?"

"रक्ताचं काहीच बोलली नाही. कार्ड का दुमडलं होतंस म्हटलं, तर म्हणाली, फाडायचं धाडस झालं नाही म्हणून. बाबांनी एवढं छान केलं होतं." जावई घुटमळला. "मग सिस्टरकडून तिने आईची फाइल मागून घेतली. सकाळपासून तीच घेऊन बसलीय. जा तुम्ही आत."

पेंटर आत गेला. कोपऱ्यातल्या खाटेवर लेक उशीला टेकून बसली होती. गालांवर परक्या माणसांच्या रक्ताची थोडी लाली आली होती. मांडीवर फाइल उघडी. एका बाजूला फॉर्म, दुसऱ्या बाजूला कार्ड. तिने कार्ड खिडकीच्या उजेडाकडे कलतं धरलं होतं आणि मान तशीच वाकडी केली होती, शिडीखाली उभी राहून करायची तशी.

तो खाटेच्या पायथ्याशी थांबला. द्राक्षांची पिशवी कुठे ठेवावी हे त्याला कळेना. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जन्मभरात पहिल्यांदाच त्याला कुठलं निम्मं बोलावं ते ठरवता येईना.

लेकीने वर पाहिलं नाही. तिचं बोट कार्डावरून सावकाश सरकत गेलं, ऊकाराच्या वळणात शिरलं आणि थांबलं.

"सापडला," ती म्हणाली.